फुलचोराचा वाफा

बागेचा खरा मोसम वसंत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा क्वारात माझ्याकडे यावं. क्वार म्हणजे आपला आश्विन, पण इंदुरात तो आमच्या कॅलेंडरपेक्षा पंधरवडाभर आधीच लागतो. घरात आमचा भाद्रपद चालू असतो आणि शेजारी म्हणत असतात, "क्वार लग गया, अब धूप देखना." बाग शेजाऱ्यांचं ऐकते. एके दिवशी सकाळी गोकर्णाच्या पानांवर दव दिसतं, दुपारी चतुर उडायला लागतात, ऊन चटके देतं आणि त्याच वेळी सावलीत पाय गार पडतात. तेरडा संपत आलेला असतो, प्राजक्त नुकता सुरू झालेला, सोनटक्का ऐन भरात. झेंडूला कळ्या धरलेल्या असतात आणि शेवंती नुसतीच फुगलेली, हिरवीगार. मे महिन्यात हिरव्या जाळीखाली ज्यांना मी तांब्या-तांब्याने पाणी घालून जगवलेलं असतं, ती सगळी झाडं या दिवसांत अंगाने भरून उभी असतात. बी कधी टाकायचं, छाटणी कधी, पाणी कधी तोडायचं, हे मला कोणाला विचारावं लागत नाही. शाळेत इतकी वर्षं गणित शिकवलं, पण कशात मी पक्की आहे असं कोणी विचारलं तर मी फुलांचं नाव घेईन.

आमचं घर भंवरकुआंच्या मागच्या बाजूला आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गल्लीत सगळी बैठी घरं होती आणि प्रत्येकापुढे थोडी माती होती. मग कोचिंग क्लास आले, त्यांच्यामागून मुलं आली, आणि घरांवर मजले चढत गेले. आता गल्लीत घरं कमी, हॉस्टेलं जास्त. माती कुठेच नाही, सगळीकडे फरशी आणि तिच्यावर बाइकच्या रांगा. एका शेजाऱ्याने मला एकदा कळवळून सांगितलं, "मॅडम, इतनी जगह फालतू जा रही है." मी म्हटलं, "फालतू नहीं जा रही, भियाजी. फूल रही है."

बागेत नळाजवळच्या कोपऱ्यात एक देशी गुलाब होता. माझे वडील कापडगिरणीत कारकून होते. गिरणीच्या चाळीत त्यांना दारापुढे दोन हात जागा होती आणि तिथे तेलाच्या डब्यांत त्यांनी ही झाडं लावली होती. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी मला एक डबा दिला. नवरीच्या मांडीवर झाडाचा डबा बघून सासरची माणसं चक्रावली. सासर होळकरी फौजेतल्या शिपायांचं. दिवाणखान्यात अजून त्या काळची तलवार टांगलेली आहे, पण त्या घरात तोवर कोणी खुरपं धरलेलं नव्हतं. तो गुलाब दिसायला काही फार नव्हता. फूल लहान, पाकळ्या दुपारपर्यंत गळायच्या, काटे मात्र भरपूर. वास असा की फाटक उघडताना कळायचं.

मी सांगतेय त्या वर्षी पावसाळ्यात माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा पोलोग्राउंडला पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चार लेथ आणि एक वेल्डिंगची शेड, पण सकाळी आठला ते तिथे पोचले नाहीत असा दिवस मला आठवत नाही. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलं. पुतण्याच्या हाती किल्ल्या दिल्या आणि हे वॉकर घेऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत येऊन बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बाग त्यांनी पहिल्यांदाच उजेडात पाहिली असावी.

पहिले काही दिवस ते गप्प होते. मग त्यांच्यातला कारखानदार जागा झाला.

"अगं, ही झाडं अशी वाकडीतिकडी का लावलीस? एक लाइन तर धर."

"झाडं आहेत ती, नटबोल्ट नाहीत."

"नाही, म्हणजे बघून राहिलोय म्हणून म्हटलं. ते पिवळं मागे पाहिजे. उंच आहे ना ते. आणि ह्या कोपऱ्यातलं काय आहे, त्याला काही शेपच नाही."

मी हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही. त्यांना म्हटलं, "तुमच्या शेडमध्ये येऊन मी कधी सांगितलं का, लेथ तिकडे हलवा म्हणून?" त्यावर ते दोन दिवस शांत बसले.

बागेत एक फुलचोर येतो हे मला पूर्वीपासून माहीत होतं. मी उठायच्या आत जास्वंद रिकामी झालेली असायची, कण्हेरीच्या खालच्या फांद्या लुटलेल्या, आणि कुंपणाबाहेर एखादं सांडलेलं फूल. इंदुरात काय, कुठल्याही गावात पहाटेचे फुलचोर असतात. देवासाठी नेतात म्हणून त्यांना कोणी चोर म्हणत नाही. मी म्हणते. पण तो मला कधी सापडला नव्हता.

ह्यांच्या गुडघ्यामुळे तो सापडला. दुखण्याने झोप लागायची नाही, म्हणून ते उजाडायच्या सुमारास व्हरांड्यात येऊन बसायचे. एके दिवशी मी चहा घेऊन बाहेर आले तर म्हणाले, "तुझा फुलचोर पाहिला आज."

"मग? पकडलात?"

"वॉकर घेऊन पळू का मागे?"

"ओरडायचं तरी."

"ओरडलो ना. म्हटलं, भिया, वो डाली मत खींचो, टूट जाएगी. इधर से लो."

"इधर से लो? चोराला रस्ता दाखवला तुम्ही?"

"तुझी फांदी मोडली असती तर दिवसभर मलाच ऐकावं लागलं असतं," ते म्हणाले आणि चहा फुंकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच लवकर उठले. कुंपणापलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पायजमा, खांद्याला कापडी पिशवी, आणि हातात छत्रीची जुनी दांडी. कापड नाही, काड्या नाहीत, नुसती दांडी. तिच्या वाकड्या मुठीने ते माझी जास्वंदीची फांदी अलगद जवळ ओढत होते. मला पाहून ते दचकले नाहीत. फांदी सावकाश सोडली आणि म्हणाले, "नमस्ते, बेनजी."

"बाबूजी, घंटी बजाके माँग लेते. कौन मना करता?"

"माँगूँगा तो पुण्य आपको लगेगा," ते गंभीरपणे म्हणाले. "खुद तोड़ूँगा तो मेरा."

मला हसू आलं ते मी दाबलं, कारण हसले असते तर सगळं हातचं गेलं असतं. मी तिथेच त्यांना सांगून टाकलं: कळीला हात लावायचा नाही, प्राजक्त हलवायचा नाही, खाली पडलेला वेचायचा, आणि कुंपणावरून नाही, फाटकातून यायचं. ते "हओ, हओ" करत मान हलवत राहिले. व्हरांड्यातून नवऱ्याचा आवाज आला, "और चाय पीके जाने का."

तेव्हापासून बाबूजी रोज येऊ लागले. ते रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी सगळा माळवा मागे जाताना पाहिला होता, असं ते सांगायचे. गल्लीच्या टोकाला जे सर्वांत उंच हॉस्टेल आहे ते त्यांच्या मुलाचं. त्या जागी आधी त्यांचं घर होतं आणि घरापुढे बाग होती. "मेरी सेवंती देखने लोग छावनी से आते थे," ते म्हणाले, आणि मी त्यावर विश्वास ठेवला नाही. ज्याची बाग गेली, त्याची शेवंती दर वर्षी थोडी वाढतच जाते. पण माझ्या कुंड्या पाहताना ते जे बोलायचे त्यावरून त्यांनी हाताने काम केलंय हे दिसत होतं. त्यांची आणि माझ्या नवऱ्याची मात्र गट्टी जमली. एकाला बोलायला माणूस हवं होतं, दुसऱ्याला माती.

पितृपक्ष लागला तशी मी मानपुरला भावाकडे गेले. वडिलांचं श्राद्ध दर वर्षी तिथेच होतं आणि मी दोन-चार दिवस राहून येते. जाताना नवऱ्याला सांगितलं, "शेवंतीला पाणी घाला. बाकी कशाला हात लावायचा नाही." त्यांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

परत आले तेव्हा सकाळ होती. फाटक उघडलं आणि मला माझी बाग ओळखू येईना. मधल्या वाफ्यातले सगळे गुलाब ढोपरापर्यंत कापलेले होते. नुसते खुंट. कापलेल्या टोकांना हळद लावलेली. आणि नळाजवळ वडिलांच्या गुलाबाच्या जागी टीचभर, गाठाळ बुंधा उभा होता. त्यालाही हळद.

हे व्हरांड्यात बसले होते. चेहऱ्यावर एखादी मशीन दुरुस्त केल्याचा आनंद होता. माझ्याकडे पाहिलं आणि तो उतरत गेला.

"कोणी केलं हे?"

"आम्ही. म्हणजे बाबूजी म्हणाले, क्वारात गुलाब खालपर्यंत कापायचा असतो, तर मग हिवाळ्यात..."

पुढचं मी ऐकलं नाही. पिशवी व्हरांड्यात टाकली आणि तशीच मागे फिरले. गुलाबाची छाटणी कधी करायची हे मला ठाऊक होतं. ती मी कोजागिरीच्या आसपास करते, शेंडे कापून, बेताने. ढोपराएवढी कापायची हिंमत मी कधी केली नाही, कारण तशी गरज पडली नाही. पण देशी गुलाबाला असा बुंध्यापासून कापत नाहीत, एवढं तर कोणालाही कळतं. मी मनात वाक्यं जुळवत हॉस्टेलपर्यंत पोचले. खाली बसलेल्या वॉचमनला विचारलं, "बाबूजी कहाँ रहते हैं?" त्याने नुसतं वर बोट दाखवलं.

जिना संपता संपेना. प्रत्येक मजल्यावर दारांपुढे चपलांचे ढीग, आतून कोणीतरी मोठमोठ्याने पाठ करत असलेलं. शेवटच्या जिन्याला तर कठडाही नव्हता. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या जीन्स, आणि एका बाजूला पत्र्याची एक खोली. मी धापा टाकत तिथे जाऊन उभी राहिले.

खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर संजा होती. लहानपणी आमच्या गिरणीच्या चाळीत शेजारच्या माळवी मुली ती काढायच्या. पितृपक्षात रोज संध्याकाळी भिंतीवर गाईच्या शेणाने नवं चित्र, कधी चंद्र, कधी पंखा, कधी सासरी जायची गाडी, आणि त्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या. मग त्यापुढे आरती आणि गाणी. वर्षानुवर्षं मी संजा पाहिली नव्हती. गाईच आता शहरात दिसत नाहीत, तर शेण कुठून येणार आणि काढणार कोण? इथे ती होती. आणि तिच्यातली प्रत्येक पाकळी माझी होती. तेरड्याचा गुलाबी, कण्हेरीचा पिवळा, काठाला गोकर्णाचा निळा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे तो रोज नवा लावलेला होता.

भिंतीपुढे वेताच्या मोड्यावर एक म्हातारी बाई बसली होती. किरकोळ अंगाची, डोईवर पदर, बोटं हिरवट झालेली. बाबूजींची बायको. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किससे मिलना है, बेनजी?"

"ये फूल..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"अच्छे हैं नी?" ती खूश होऊन म्हणाली. "इनके एक दोस्त का बगीचा है. रोज देता है बेचारा, झोली भर-भर के."

खोलीतून बाबूजी बाहेर आले. मला पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खाली मान घालून उभे राहिले. मी तिच्यासमोर काय बोलणार होते? तरी गुलाबाचं मला गिळता येईना. मी म्हटलं, "बाबूजी, वो कोने वाला गुलाब मेरे पिताजी का था. उसे क्यों काटा?"

ते म्हणाले, "गलती हो गई, बेनजी."

एवढंच. सबब नाही, स्पष्टीकरण नाही. आणि तेवढ्यात खालून, रस्त्यावरून, माझ्या नवऱ्याची हाक आली. लेथच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांचा गळा असा झालाय की चार मजले म्हणजे काहीच नाही.

"अगंऽ! त्यांना बोलू नको! कोपऱ्यातला मी कापलाय!"

मी गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं. ते वॉकर घेऊन भर रस्त्यात उभे होते. ऑपरेशननंतर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता गल्लीच्या टोकापर्यंत आले होते, घरातल्या बनियनवर. दोन्ही बाजूंच्या हॉस्टेलांच्या बाल्कन्यांत मुलं-मुली येऊन उभी राहिली.

"बाबूजी नको म्हणत होते! मला वाटलं, सगळे एका लेव्हलला आले की बरं दिसेल!"

मी वळून पाहिलं. बाबूजी टाकीकडे बघत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं असं नाही, गल्लीतल्या सगळ्यांना थोडं थोडं कळतं.

"आप बोले क्यों नहीं?" मी विचारलं.

"दोस्त है," ते म्हणाले.

त्यांची बायको मात्र या सगळ्यातून एकच गोष्ट नेमकी उचलून बसली होती. "मतलब बगीचा इनका है?" तिने माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला विचारलं. "और तुम बिना पूछे लाते रहे? संजा बई को चोरी के फूल चढ़वाए मेरे हाथ से?" मग तिने त्यांना माळवीत जे सुनावलं ते मला अर्धंच कळलं, पण मी मनात जुळवलेल्या वाक्यांपेक्षा ते पुष्कळ चांगलं होतं. माझं काम तिनेच केलं. मी मोड्यापाशी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "भाभीजी, रहने दो. मैंने ही बोला था, ले जाया करो." ते खोटंही नव्हतं.

पाण्याचा पेला हातात घेऊन मी गच्ची पाहिली. टाक्यांमागे रंगाच्या रिकाम्या बादल्या एका ओळीत ठेवल्या होत्या, मातीने भरलेल्या. त्यांत शेवंतीची रोपं होती, पण पिवळी पडलेली, खालची पानं करपलेली. स्लॅबमधून पाणी खाली खोल्यांत गळतं म्हणून मुलाने झाडांना पाणी घालायला बंदी केली होती. बाबूजी पिण्याच्या पाण्यातलं थोडं थोडं ओतून ती कशीबशी जगवत होते. ती त्यांच्या जुन्या बागेतली होती. छावणीहून लोक बघायला यायचे ती हीच.

मी रोपाचं एक पान उलटून पाहिलं. मावा नव्हता. बोटाने माती उकरली, मुळं जिवंत होती. अजून वेळ गेलेली नव्हती. मी म्हटलं, "उद्या या सगळ्या बादल्या माझ्याकडे आणा. गुलाबांच्या शेजारचा वाफा आता रिकामा होतोय. तेरडा उपटला की जमीन तुमची."

"मेरी?" त्यांनी विचारलं.

"वाफा तुमचा, पाणी माझं. आणि लाइन कशी धरायची ते ह्यांना विचारू नका."

सर्वपित्री अमावस्येला संजेचा शेवटचा दिवस असतो. त्या दिवशी मोठा किल्ला काढतात, किलाकोट. मी सकाळीच बागेतून परात भरून फुलं काढली, हातानं, उघड उघड, आणि चार मजले चढून वर नेली. भाभीजींनी मला सोडलं नाही. मला शेणाचे कांगोरे जमेनात, म्हणून पाकळ्या लावायचं काम दिलं. दुपार टळेपर्यंत आम्ही दोघी भिंतीपुढे बसलो होतो. ती म्हणाली, लहानपणापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. मुलगी नाही, सून नोकरीला जाते, हॉस्टेलच्या मुलींना अभ्यास. "तो क्या हुआ. मैं तो हूँ." मला ती बाई फार आवडली.

मग नवरात्र आलं आणि ऊन तापलं. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही, त्या मधल्या दिवसांत इंदुरात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. पण झाडांना तेच ऊन हवं असतं. बाबूजींच्या शेवंतीने जमिनीत उतरल्यावर आठवड्यातच रंग बदलला. ते सकाळी येत, मी त्यांच्यासोबत काम करी आणि माझा नवरा खुर्चीतून दोघांनाही सूचना करी, ज्या आम्ही ऐकत नसू. नवरात्रातल्या एका सकाळी छाटलेल्या गुलाबांवर तांबूस कोंब दिसले, टोकापासून बुंध्यापर्यंत, दाट. मी इतकी वर्षं बेताने छाटत होते, त्यात इतके कोंब कधी आले नव्हते. मी बाबूजींना तसं सांगितलं. चांगलं काम असेल तर मी चांगलं म्हणते, त्याने माझं काही कमी होत नाही. पुढच्या वर्षापासून मी गुलाब असेच कापणार आहे.

कोपऱ्यातल्या बुंध्याला मात्र काही फुटलं नाही. दसऱ्याला झेंडू उतरवला, कोजागिरी झाली, तरी तो तसाच. नखाने साल खरवडून पाहिली. आत तपकिरी, कोरडं. नवरा रोज सकाळी, आधी वॉकरने, मग काठी घेऊन, तिथपर्यंत जायचा आणि वाकून बघायचा.  एक दिवस ते म्हणाले, "येईल ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "गेला तो."

ते तिथेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि या माणसाला रडताना मी फार क्वचित पाहिलंय. मला राग यायचा तेवढा येऊन गेला होता. मी त्यांच्या हाताखाली हात घातला आणि त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. वडिलांचा गुलाब गेला, हे खरं. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा मी स्वतः फावडं घेऊन तो बुंधा काढला. मुळं खोल होती, दुपार गेली. वाईट वाटलं, रडले नाही. माझे वडील डब्यातलं झाड मेलं की डबा धुऊन दुसरं लावायचे. त्यांनी मला झाड दिलं होतं, तसा हा हातही त्यांनीच दिलाय.

दिवाळीनंतर हे पुन्हा कारखान्यात जाऊ लागले, पण आता दहाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लोखंडी पाइपचा एक कठडा बनवून घेतला. मला वाटलं बागेसाठी काही असेल. तो त्यांनी टेम्पोत घालून हॉस्टेलवर नेला आणि बाबूजींच्या मुलाला विचारून शेवटच्या जिन्याला बसवून दिला. भाभीजींचे गुडघे कधीच गेले होते. त्या बिनकठड्याच्या जिन्यामुळे डॉक्टरकडे जाण्याखेरीज ती खाली उतरत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यांच्या आलं. गुडघ्याचं दुखणं ज्याचं त्यालाच कळतं.

ती खाली उतरली देवउठनी ग्यारसला, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला. बाबूजी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधेमधे थांबत. मुलं अदबीने जिन्यात कडेला उभी राहिली. आमच्या फाटकात आल्यावर तिने आमचे हात सोडले आणि काठीवर एकटीच आत गेली. शेवंती नुकती उमलायला लागली होती. माझी पांढरी, कुंड्यांतून. त्यांची पिवळी, वाफ्यातून, एवढाली मोठी फुलं की मला कबूल करावं लागलं, छावणीहून लोक येत असतील.

भाभीजींनी सगळी बाग सावकाश पाहिली. गुलाब पाहिले, झेंडूची वाळलेली रोपं पाहिली, नळाजवळची उकरलेली रिकामी जागा पाहिली. तिथे काय होतं ते तिने विचारलं नाही, तिला माहीत होतं. वाफ्यापाशी बाबूजी उभे होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"पास-पास लगा दी है," ती म्हणाली. "अगली बार थोड़ी दूर लगाना."

"हओ," बाबूजी म्हणाले.

माझा नवरा व्हरांड्यातून हसायला लागला. मी खुर्ची उन्हात आणून ठेवली. सकाळची थंडी आता बोचायला लागली होती आणि त्या कोवळ्या उन्हात बसावंसं वाटत होतं. भाभीजी बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "बेनजी, अब ठंड में क्या लगाओगी?"

पॅन्सी आणि फ्लॉक्सची रोपं मी आदल्या दिवशीच ट्रेमध्ये काढून ठेवली होती. मी तो ट्रे तिच्या मांडीवर ठेवला.